मेंटेनरचा जुना पत्ता दुरुस्त करूनही पुढच्या आवृत्तीत पुन्हा का दिसतो?

मुक्तस्रोत प्रकल्पाचा मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारा माणूस, बदलतो, किंवा मेंटेनर तोच राहतो आणि त्याचा ईमेल पत्ता बदलतो. कोणीतरी रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणारी फाईल, उघडून जुन्या पत्त्याच्या जागी नवा लिहितो आणि विषय संपला असे समजतो. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या वापरकर्त्याची तक्रार येते की बग कळवायला पाठवलेला मेल परत आला. शोध घेतला, तर जुना पत्ता पुन्हा हजर असतो. कधी कधी तर ज्या फाईलमधून आपण स्वतःच्या हाताने तो काढला, त्याच फाईलमध्ये.

युनिकोडपूर्व काळातल्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या एका लहान साधनाचे दस्तऐवज मी सांभाळतो. हे साधन टर्मिनलवर चालते आणि मुख्यतः छापखाने ते वापरतात. मूळ मेंटेनरने त्या वेळच्या नोकरीतला पत्ता दिला होता; नोकरी सुटली तसे ते खातेही बंद झाले. रीडमी मी दहा मिनिटांत दुरुस्त केली. पुढच्या आवृत्तीनंतर कोल्हापूरच्या एका छापखान्यातून निरोप आला, "सर, तुमचा मेल बंद पडलाय काय? तीनदा पाठवला, तीनदा परत आला." सोबत पडद्याचा फोटो होता. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसत होता, हा त्यांचा बग. आणि त्याच फोटोत, प्रोग्रामच्या मदतीच्या मजकुराच्या शेवटच्या ओळीत, आमचा बंद पडलेला पत्ता होता. त्यांनी रीडमी कधी उघडलीच नव्हती. प्रोग्रामने जो पत्ता सांगितला त्यावर त्यांनी लिहिले, आणि त्यात त्यांचे काहीच चुकले नव्हते.

आधी परत आलेला मेल नीट वाचावा

वापरकर्त्याकडून परत आलेल्या मेलचा पूर्ण मजकूर मागून घ्यावा, कारण त्यातल्या आकड्यांवरून पुढची दिशा ठरते. ५५० आणि त्यापुढे ५.१.१ असे असेल तर डोमेन जिवंत आहे, पण त्या नावाची पेटी तिथे नाही. नोकरी सोडलेल्या मेंटेनरच्या बाबतीत हाच आकडा दिसतो. ५.२.२ म्हणजे पेटी भरली आहे, म्हणजे पत्ता खरा आहे आणि बहुधा तो कोणी उघडत नाही. ४ ने सुरू होणारा आकडा तात्पुरत्या अडचणीचा असतो, आणि तेवढ्यावरून पत्ता बदलायला धावू नये. ५.१.२ आला, म्हणजे डोमेनच सापडत नसेल, तर मात्र हे काम दस्तऐवज दुरुस्तीपुरते उरत नाही. त्याविषयी खाली लिहिले आहे.

मेल परतच येत नाही आणि उत्तरही येत नाही, ही अवस्था सर्वांत वाईट, कारण तिची तक्रारही कोणी करत नाही. ती ओळखण्याचा उपाय एकच: प्रकल्पाशी संबंध नसलेल्या खात्यावरून आपणच एक मेल पाठवावा आणि आठवडाभर वाट पाहावी.

पत्ता परत येतो तो कुठून

दस्तऐवजातल्या अनेक फाईली कोणी लिहिलेल्या नसतात, त्या तयार झालेल्या असतात. तयार झालेल्या फाईलमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या बांधणीपर्यंतच टिकते. आमच्या साधनाची बांधणी, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करण्याचे काम, ऑटोकॉन्फ या साधनावर चालते. तिथे कॉन्फिगर डॉट एसी या फाईलच्या सुरुवातीला एसी-इनिट नावाची ओळ असते. तिच्यात पहिले प्रकल्पाचे नाव, दुसरा आवृत्तीचा क्रमांक आणि तिसरा बग कळवण्याचा पत्ता. हा तिसरा पत्ता पॅकेज-बगरिपोर्ट या नावाने सी भाषेतल्या कोडपर्यंत पोहोचतो, तिथून मदतीच्या मजकुरात उतरतो, आणि हेल्प-टू-मॅन हे साधन त्याच मजकुरावरून मॅन पेज, म्हणजे टर्मिनलवर वाचायचे माहितीपान, तयार करते. म्हणजे एका ओळीतला पत्ता तीन ठिकाणी छापला जातो, आणि त्या तिन्ही ठिकाणी हाताने केलेली दुरुस्ती व्यर्थ असते.

छापखान्याच्या निरोपानंतर मी नेमकी हीच चूक केली. मदतीच्या मजकुरातला पत्ता मी कोडमध्ये थेट लिहून बदलला आणि मॅन पेजही हाताने दुरुस्त केले. पुढे दुसऱ्या एका सहकाऱ्याने मदतीचा मजकूर नीटनेटका करताना, थेट लिहिलेला पत्ता गैर वाटल्यामुळे, तिथे पुन्हा पॅकेज-बगरिपोर्ट घातले. त्याचे वागणे नियमाला धरून होते. एसी-इनिट तशीच राहिली असल्यामुळे जुना पत्ता सगळीकडे परतला. एसी-इनिट बदलल्यावरसुद्धा मॅन पेज जुनेच राहिले, कारण मेकफाईलमध्ये, म्हणजे बांधणी करणाऱ्या मेक या साधनाच्या सूचनांच्या फाईलमध्ये, मॅन पेज फक्त सी फाईलवर अवलंबून असल्याचे लिहिले होते; कॉन्फिगर डॉट एसी बदलली तर ते पुन्हा तयार करायचे आहे, हे मेकला कोणी सांगितलेच नव्हते. ती एक अवलंबिता जोडल्यावर हा धागा संपला.

भाषांतराच्या फाईलींची गंमत वेगळी आहे. प्रत्येक भाषेची एक पीओ फाईल असते; तिच्या डोक्यावर दोन पत्ते असतात आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. एक ‘रिपोर्ट-एमएसजीआयडी-बग्ज-टू’, म्हणजे मूळ इंग्रजी मजकुरात चूक आढळली तर कोणाला कळवावे, आणि दुसरा ‘लास्ट-ट्रान्सलेटर’, म्हणजे शेवटचे भाषांतर कोणी केले. पहिला पत्ता प्रकल्पाचा असतो. तो पीओ फोल्डरमधल्या मेकव्हार्स फाईलमधून भाषांतराच्या कोऱ्या साच्यात जातो, आणि साच्यातून, भाषांतरे अद्ययावत करणारी एमएसजीमर्ज ही आज्ञा चालताच, प्रत्येक भाषेच्या फाईलवर पुन्हा लिहिला जातो. म्हणून मराठीच्या पीओ फाईलमध्ये तो बदलणे म्हणजे वाळूवर लिहिणे. मेकव्हार्समध्ये तो रिकामा सोडला, तर एसी-इनिटमधला पत्ता उचलला जातो, आणि आम्ही अखेरीस तसेच केले. दुसरा पत्ता भाषांतरकाराचा असतो. मेंटेनर बदलला म्हणून त्याला हात लावण्याचे कारण नाही. भाषांतर ज्याने पुढे नेले त्याने तो आपल्या नावाचा करावा.

ऑटोकॉन्फ न वापरणाऱ्या प्रकल्पांतही गोष्ट हीच असते, फक्त साचे वेगळे असतात. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर संस्थेच्या नावाखाली ‘डॉट गिटहब’ नावाची रिपॉझिटरी (फाईलींचा साठा) ठेवून सुरक्षाविषयक आणि आचारसंहितेच्या फाईली सर्व प्रकल्पांना एकदम देता येतात. पण एखाद्या प्रकल्पाची स्वतःची सिक्युरिटी डॉट एमडी असेल तर तीच दिसते आणि वरची दुरुस्ती तिथे पोहोचत नाही. कोणता कोड कोण सांभाळतो हे सांगणारी कोडओनर्स फाईल डॉट-गिटहब फोल्डर, मुख्य फोल्डर आणि डॉक्स या क्रमाने शोधली जाते आणि जी आधी सापडेल तीच धरली जाते, म्हणून तिची दुसरी प्रत कुठे पडून असेल तर ती दुरुस्त करून काहीही साधत नाही. आचारसंहितेसाठी अनेकजण कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट या तयार आचारसंहितेचा साचा जसाच्या तसा उतरवतात. त्यात संपर्काचा मार्ग लिहिण्यासाठी चौकटी कंसात मोकळी जागा ठेवलेली असते, आणि ती तशीच सोडून दिलेले प्रकल्प आजही सहज सापडतात. तिथे जुना पत्ता नाही, कोणताच पत्ता नाही.

शोध कुठे आणि कसा घ्यावा

गिट ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, आणि ग्रेप म्हणजे फाईलींत मजकूर शोधणारी आज्ञा. गिट ग्रेप हे पहिले हत्यार, परंतु ते केवळ गिटने नोंद ठेवलेल्या फाईली पाहते. तयार होणाऱ्या फाईली बहुधा गिटमध्ये नसतात आणि वापरकर्त्याच्या हाती मात्र त्याच पडतात. म्हणून आवृत्तीचे टारबॉल, म्हणजे वाटपासाठीचे फाईलींचे गाठोडे, तयार करावे, ते रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडावे आणि तिथे साध्या ग्रेपने शोधावे. संपूर्ण पत्ता शोधू नये. आधी त्याचा ॲटच्या अलीकडचा भाग आणि मग पलीकडचे डोमेन असे दोनदा शोधावे, कारण स्पॅमच्या भीतीने पुष्कळांनी ॲटचे चिन्ह अक्षरांत लिहिलेले असते. दाबून ठेवलेल्या मॅन पेजेसाठी झेडग्रेप वापरावे. पीडीएफमधला मजकूर ग्रेपला बहुधा दिसत नाही; ती पुस्तिका नव्याने बांधणे हाच मार्ग.

काढलेला पत्ता कोणत्या कमिटने, म्हणजे गिटमध्ये नोंदलेल्या कोणत्या बदलाने, परत आणला हे पाहण्यासाठी गिट लॉगला उणे मोठा एस हा पर्याय आणि त्यापुढे तो पत्ता द्यावा. ज्या कमिटमध्ये त्या मजकुराची संख्या कमी-जास्त झाली तेवढेच कमिट समोर येतात. यात एक खाच आहे आणि तिच्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. आमच्याकडे चौथ्यांदा पत्ता परतला तेव्हा या शोधाने काहीच दाखवले नाही. मर्ज म्हणजे कोडच्या दोन समांतर शाखा (ब्रँच) एकत्र करणे, आणि गिट लॉग सामान्यतः मर्जमधले फरक पाहतच नाही. उणे लहान एम हा पर्याय जोडल्यावर दिसले की जुन्या स्थिर ब्रँचमधून मर्ज करताना रीडमीच्या त्याच ओळीवर संघर्ष झाला होता, आणि तो सोडवणाऱ्याने, म्हणजे मी, घाईत जुन्या ब्रँचची बाजू ठेवली होती. ज्या ज्या ब्रँचमधून अजून आवृत्त्या निघतात, त्या प्रत्येक ब्रँचवर पत्त्याची दुरुस्ती त्याच दिवशी करावी. असा संघर्ष मग उद्भवतच नाही.

मेलमॅपविषयी एक गैरसमज

गिटच्या मेलमॅप फाईलमध्ये नवा आणि जुना पत्ता शेजारी लिहिला की सगळे बदलते, असे पुष्कळजण धरून चालतात. ती फाईल गिटच्या शॉर्टलॉग, ब्लेम, लॉग यांसारख्या आज्ञांच्या दाखवण्यापुरती आहे. कमिट जसे होते तसेच राहतात, आणि रीडमीशी तर तिचा काही संबंध नाही. तरीही ती हवीच, कारण जुना कमिट पाहून त्यातल्या पत्त्यावर लिहिणारे लोक असतात. लिहून झाल्यावर गिट चेक-मेलमॅप या आज्ञेने जुना पत्ता देऊन नवा मिळतो की नाही, हे पाहून घ्यावे.

लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, उदाहरण याबाबत पाहण्यासारखे आहे. तिथल्या मेंटेनर्स फाईलमध्ये वीस हजारांहून अधिक ओळी आहेत आणि प्रत्येक विभागात ‘एम’ या अक्षरापुढे मेंटेनर, ‘एल’पुढे मेलिंग लिस्ट, ‘एस’पुढे स्थिती आणि ‘एफ’पुढे फाईलींचे मार्ग असतात. पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, कोणाला पाठवायचा हे गेट-मेंटेनर ही पर्ल स्क्रिप्ट त्यावरून सांगते. एकच व्यक्ती अनेक विभागांत असू शकते, म्हणून एका विभागातला पत्ता बदलून थांबता येत नाही. शिवाय डिव्हाईस ट्रीच्या, म्हणजे हार्डवेअरच्या वर्णनाच्या, वायएएमएल फाईलींत प्रत्येकीत मेंटेनरची स्वतंत्र नोंद असते आणि ती स्क्रिप्ट तिथले पत्तेही उचलते. मेंटेनर्स फाईल दुरुस्त करूनही पॅच जुन्याच पत्त्यावर जात असतील तर आधी तिथे पाहावे. कोणीच सांभाळणारे उरले नसेल, तर मृत पत्ता ठेवण्याऐवजी स्थिती ‘ऑर्फन’ लिहिण्याची तिथे सोय आहे. लिहिणाऱ्याला निदान खरी परिस्थिती कळते.

पॅकेजांच्या नोंदी

पायथन भाषेतली पॅकेजे जिथून वाटली जातात त्या पायपीआयवर एकदा चढवलेल्या फाईलीतली माहिती बदलत नाही. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या पॅकेजच्या माहितीच्या फाईलमधला मेंटेनरचा पत्ता दुरुस्त केला तरी नवी आवृत्ती निघेपर्यंत पान जुनाच पत्ता दाखवत राहते, आणि यात बिघाड काही नाही. डेबियन या लिनक्स वितरणातही पॅकेजच्या कंट्रोल फाईलमधले मेंटेनरचे क्षेत्र नव्या अपलोडनंतरच लागू होते. डेबियनच्या धोरणानुसार तो पत्ता मेल स्वीकारणारा असलाच पाहिजे. २०१८ मध्ये अलिऑथ ही डेबियनची सेवा बंद झाली तेव्हा तिच्या मेलिंग लिस्टांचे पत्ते मेंटेनर म्हणून दिलेल्या पॅकेजांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. आपण मूळ प्रकल्पाचे मेंटेनर असू, तर डेबियनचे ते क्षेत्र आपले नसते, पॅकेज बांधणाऱ्याचे असते. त्याला कळवावे, स्वतः बदलायला जाऊ नये.

दस्तऐवजातला पत्ता आणि त्या सेवेवरच्या खात्याचा पत्ता या मात्र दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुसरी विसरली जाते. मे २०२२ मध्ये पायपीआयवरचे सीटीएक्स हे पॅकेज असेच हातचे गेले. मेंटेनरच्या ईमेलच्या डोमेनची मुदत संपली होती; हल्लेखोराने ते डोमेन विकत घेतले, त्यावर पत्ता उभा केला, पासवर्ड बदलून मागितला आणि घातक कोड असलेल्या आवृत्त्या चढवल्या. म्हणून वर म्हटलेला ५.१.२ हा आकडा दिसला, तर रीडमीच्या आधी खात्यातला पत्ता बदलावा.

नवा पत्ता कोणाचा, याची खातरजमा

पत्ता बदलण्याचा पॅच दिसायला अगदी निरुपद्रवी असतो, एका ओळीचा, त्यामुळे तो न तपासता घेतला जातो. एक्सझेड या फाईली दाबण्याच्या साधनाच्या प्रकल्पात टोपणनावाने दीर्घकाळ काम करून विश्वास मिळवलेल्या व्यक्तीने मार्च २०२३ मध्ये गूगलच्या ओएसएस-फझ या बग शोधणाऱ्या सेवेतला त्या प्रकल्पाचा मुख्य संपर्क बदलून स्वतःचा केला होता. पुढच्याच वर्षी, २९ मार्च २०२४ रोजी, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतला चोरदरवाजा उघडकीस आला. संपर्क ज्याच्या हाती, त्याच्या हाती पहिली बातमी. तेव्हा बदल मागणाऱ्याने जुन्या पत्त्यावरूनही एक ओळ लिहावी, असा आग्रह धरण्यात संकोच बाळगू नये. आर या प्रोग्रामिंग भाषेच्या क्रॅन या पॅकेज-भांडारात हीच प्रथा आहे: मेंटेनरचा पत्ता बदलला तर शक्यतो जुन्या पत्त्यावरून दुजोरा मागितला जातो, आणि तो देता येत नसेल तर कारण विचारले जाते. जुने खाते बंदच झाले असेल, तर दूरध्वनीवर आवाज ओळखीचा असणे हाही पुरावाच आहे.

काय बदलू नये

शोधून काढलेल्या प्रत्येक ठिकाणी नवा पत्ता चिकटवणे हीदेखील चूक आहे. चेंजलॉगमधली २०११ ची नोंद त्या वेळचा पत्ता दाखवते आणि ती तशीच असायला हवी. हक्कसूचनेतले (कॉपीराइट) नाव श्रेय सांगते. तिथे नव्या मेंटेनरचे नाव घालणे चुकीचे आहे आणि कायद्याच्या दृष्टीनेही अनुचित. गेलेल्या माणसाला आपला खासगी पत्ता दिसू नये असे वाटत असेल, तर सध्याच्या फाईलींतून तो काढावा आणि नाव ठेवावे, परंतु त्यासाठी गिटचा इतिहास नव्याने लिहायला निघू नये. प्रत्येक कमिटची ओळख बदलते, सर्वांच्या प्रती निरुपयोगी होतात, आणि इतरांनी घेऊन ठेवलेल्या प्रतींत तो पत्ता राहतोच.

व्यक्तीचा पत्ता देण्याऐवजी प्रकल्पाच्या डोमेनवरचा एक सामाईक पत्ता द्यावा आणि तो दोघा-तिघांकडे वळवावा, हा सल्ला सर्वत्र मिळतो आणि आम्हीही तो मानला. क्रॅनवर मात्र तो चालत नाही. तिथे मेंटेनर म्हणून एकच व्यक्ती लागते, मेलिंग लिस्ट नव्हे. शिवाय सामाईक पत्ता दोघांकडे जातो तेव्हा दुसऱ्याने उत्तर दिले असेल असे दोघेही समजतात. आमच्याकडे ‘पाहतो’ एवढा एक शब्द सर्वांना उत्तर म्हणून पाठवायचा, असे ठरले आहे.

सुरक्षेसाठी संकेतस्थळावर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी ठेवली असेल, तर एप्रिल २०२२ च्या आरएफसी ९११६ या इंटरनेट-मानक दस्तऐवजाप्रमाणे तिच्यात संपर्काइतकीच मुदतीची तारीखही बंधनकारक आहे, आणि ती तारीख एक वर्षाच्या आत ठेवावी अशी शिफारस आहे. पत्ता शिळा होतो हे गृहीत धरून केलेला असा नियम मला अन्यत्र दिसला नाही. रीडमीला तशी मुदत नसते, म्हणून आम्ही मेक चेकमध्ये, म्हणजे बांधणीनंतरच्या तपासणीत, एक लहान चाचणी घातली. ती प्रोग्राम मदतीच्या पर्यायासह चालवते, तयार झालेले मॅन पेज, पीओ फाईली आणि रीडमी यांसह टारबॉलमधल्या सगळ्या फाईली वाचते, आणि बंद पडलेल्या पत्त्यांच्या यादीतले काही सापडले तर बांधणी थांबवते. चेंजलॉग आणि ऑथर्स या दोन फाईली तिने वगळल्या आहेत. ही चाचणी घातल्यानंतर पहिल्याच आठवड्यात ती एका फाईलवर अडली: नमुन्यादाखल ठेवलेल्या, जुन्या फाँटातल्या मजकुराच्या तळाशी, कोणे एके काळी मूळ मेंटेनरने स्वतःच टंकलेला तोच पत्ता होता.